'जिंजर्ली': आल्याशी नाते नसलेला शब्द

बर्फावरून टाकलेले पाऊल, दुखऱ्या गुडघ्याला लावलेला हात किंवा अडचणीच्या विषयाला घातलेला हात, अशा अतिशय जपून आणि बिचकत केलेल्या कृतींसाठी इंग्रजीत 'जिंजर्ली' हे क्रियाविशेषण वापरतात. ते ऐकताच 'जिंजर' म्हणजे आले आठवते. परंतु झणझणीत आल्यातून सावधपणाचा अर्थ कसा निघाला, हे शोधण्यात हशील नाही, कारण दोन्ही शब्दांची कुळेच वेगळी आहेत.

आल्याचे इंग्रजी नाव आपल्याकडूनच गेलेले आहे. पालीतील 'सिंगिवेर' आणि संस्कृतातील 'शृंगवेर' या रूपांशी जुळणारा शब्द मसाल्याच्या व्यापाराबरोबर ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस' झाला आणि लॅटिनमार्गे इंग्रजीत पोहोचला. तमिळमधील 'इंजी'शीही त्याचा संबंध जोडला जातो.

'जिंजर्ली' मात्र सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रजी लेखनात दिसू लागते. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तरीही कोशकारांचा कल जुन्या फ्रेंचमधील 'जेन्सोर' या शब्दाकडे आहे. 'जेंत' म्हणजे नाजूक, देखणा. 'जेन्सोर' हे त्याचे तरवाचक, म्हणजे 'अधिक नाजूक' असा अर्थ देणारे रूप. त्याच्या मुळाशी 'जन्मलेला' आणि पर्यायाने 'कुलीन' असा अर्थ देणारा लॅटिन शब्द आहे. 'जंटल' याच घराण्यातला, आणि आपला 'जन्' (जन्मणे) हा संस्कृत धातूही दूरचा भाऊबंद. ही व्युत्पत्ती खरी असेल, तर भारताशी असलेले या शब्दाचे नाते मसाल्याच्या वाटेने नव्हे, तर त्याहून कितीतरी जुन्या भाषिक भाऊबंदकीतून येते.

आरंभी या शब्दात भीती नव्हती, होता तो डौल. नाचताना किंवा चालताना नजाकतीने टाकलेल्या छोट्या पावलांसाठी तो वापरला जाई, आणि त्या नजाकतीची चेष्टा करण्यासाठीही. फिलिप स्टब्ज या कडव्या नीतिवादी लेखकाने 1583 मध्ये नटव्या नर्तकींच्या ठुमकत्या चालीवर टीका करताना, त्यांच्या पायाखाली अंडेही फुटणार नाही, असा टोमणा मारला आणि तिथे नेमका हाच शब्द योजला. दिखाऊ नाजूकपणाकडून सावधगिरीकडे जाणारी वाट त्या अंड्यावरूनच गेली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. शेक्सपिअरच्या 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकात ज्युलिया आपल्या दासीला, तू इतक्या अलगद काय उचललेस, असे विचारते, तेव्हाही हाच शब्द येतो. तिथे पावलांची जागा हाताने घेतलेली आहे. 1600 च्या सुमारास 'अत्यंत सावधपणे' हा अर्थ रुळला आणि पुढे मूळचा डौल मागे पडला.