कॅम्पचं बोलावणं: विद्यापीठाचं आणि बुटांच्या कंपनीचं

मे महिन्यात इथे न्यू जर्सीत एका मराठी घरी जेवायला जमलो होतो. दहावीतल्या लेकीला एका मोठ्या विद्यापीठाच्या धावण्याच्या कॅम्पचं बोलावणं आलंय, अशी बातमी आमरस वाढता वाढता फुटली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. एक काका तर 'म्हणजे ॲडमिशन झाल्यातच जमा' म्हणून पेढे मागायला लागले. मी ईमेल वाचला. मजकूर गोड होता आणि खाली फी भरायची लिंक होती. लेक शांतपणे म्हणाली, "काका, हा मेल आमच्या अख्ख्या टीमला आलाय. जो सगळ्यात शेवटी येतो, त्यालासुद्धा."

त्याच टेबलावर कुणीतरी म्हणालं, "पण नायकीचा कॅम्प तर म्हणे फुकट असतो, विमानाच्या तिकिटासकट?" इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. अमेरिकेत शाळकरी धावपटूंसाठी 'कॅम्प' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक विद्यापीठ भरवतं, दुसरा बूट विकणारी कंपनी.

आधी विद्यापीठाचा कॅम्प. कॉलेजच्या खेळांवर एनसीएए या संस्थेचं राज्य चालतं आणि तिची नियमावली आपल्या महसूल खात्याला लाजवेल इतकी बारीक आहे. कोणत्या तारखेपासून कोचने मुलाशी बोलायचं, हेही तीच ठरवते. डिव्हिजन वन या वरच्या गटातल्या कॉलेजांत, धावण्यासारख्या बहुतेक खेळांत दहावीचं वर्ष संपल्यावर 15 जून उजाडेपर्यंत कोचला मुलाशी भरतीबद्दल, म्हणजे कॉलेजच्या संघात घेण्याबद्दल, चकार शब्द काढता येत नाही. मात्र कॅम्पचं माहितीपत्रक त्याआधी कधीही पाठवता येतं. म्हणून तर नववी-दहावीच्या मुलांच्या इनबॉक्समध्ये कॅम्पची निमंत्रणं येऊन पडतात. कोचला नियमाने जे मोजकं पाठवता येतं, त्यात ते असतं. ते आवतण नाही, जाहिरात आहे.

या कॅम्पवर आणखी दोन बंधनं आहेत. एक, तो सर्वांना खुला हवा. जागा किती, वय किती, इयत्ता कोणती, मुलं की मुली, एवढ्याच गाळण्या चालतात. 'आम्हाला हवी तेवढीच पोरं' असं चालत नाही. दोन, ज्या खेळाडूवर विद्यापीठाचा डोळा आहे, त्याला फीत सवलत देता येत नाही. सवलत दिली तर ती आडवाटेने दिलेली लाच ठरते. त्यामुळे फी सगळ्यांनाच भरावी लागते. त्या फीतून सहायक कोचना चार पैसे सुटतात, हेही खरं. त्यात वावगं काही नाही, फक्त आईबापांनी ते ओळखून असावं.

कंपनीचा कॅम्प याच्या बरोबर उलटा. नायकी ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टनच्या आपल्या मुख्यालयात देशातल्या निवडक शालेय धावपटूंचा कॅम्प भरवत असे. तिथे अर्ज करून जाता येत नसे, कंपनीच बोलवायची, आणि बोलवायची कुणाला, तर जो आधीच राज्यात, देशात पहिल्या काही जणांत आलाय त्याला. बूट, कपडे, नामवंत धावपटूंच्या भेटी आणि आपल्याच तोडीच्या मुलांबरोबर रानवाटांवर पळण्याची मजा. आपल्याकडे क्लासवाले बोर्डात आलेल्या मुलाला 'फुकट शिकवतो' म्हणून बोलावतात आणि मग चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावतात, तशातलाच हा प्रकार. मुलगा हुशार आधीच होता, क्लासला फक्त फ्लेक्स मिळाला.

म्हणजे जो कॅम्प सर्वांना खुला आहे तो पैसे मागतो, आणि जो फुकट आहे त्याचं दार बंद आहे. ज्या पोराच्या घरी फीही नाही आणि ज्याची वेळ अजून देशातल्या पहिल्या पन्नासातही नाही, त्याला दोन्ही सारखेच दूर. भरतीतल्या अन्यायावर बोलताना या पोराची आठवण फारशी कुणाला होत नाही. वाद रंगतो तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि ती गोष्टही तशी खोटी नाही.

ती गोष्ट अशी. विद्यापीठाला मुलाला आपल्या खर्चाने गावी आणायचं असेल तर त्याला 'ऑफिशियल व्हिजिट' म्हणतात. ती दोन-एक दिवसांची असते आणि तिचे नियम ठरलेले असतात. विद्यापीठाला देणगी देणारा माणूस 'बूस्टर' ठरतो आणि बूस्टरने मुलांना आपल्या कॉलेजकडे ओढू नये, असाही नियम आहे. आता नायकीकडे पाहा. फिल नाइट ओरेगन विद्यापीठात बिल बॉवरमन या कोचच्या हाताखाली पळायचा. 1964 मध्ये दोघांनी मिळून ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली, तिचीच पुढे नायकी झाली. यूजीन गावातलं त्या विद्यापीठाचं हेवर्ड फील्ड मैदान अलीकडे नव्याने उभं राहिलं, त्यात मोठा वाटा नाइट कुटुंबाच्या देणगीचा. बीव्हर्टन ते यूजीन गाडीने साधारण दोन तास. मग देशातल्या सगळ्यात वेगवान पोरांना कंपनी आपल्या खर्चाने ओरेगनात आणायची, पाइनच्या झाडांतून पळवायची, 'धावण्याची पंढरी इथेच' असं न बोलता सांगायची, तेव्हा इतर कॉलेजांच्या कोचच्या कपाळाला आठी पडणारच. कॉलेजने तिकीट काढलं असतं तर ती व्हिजिट मोजली गेली असती. कंपनीने काढलं, म्हणून ती कुणाच्याच वहीत नाही.

ही शंका फाजील नाही, कारण बास्केटबॉलमध्ये हे सगळं आधीच घडून गेलंय. सनी व्हॅकारो या माणसाने 1984 मध्ये नायकीच्या पैशावर शालेय खेळाडूंचा एबीसीडी कॅम्प सुरू केला. पुढे तो दुसऱ्या कंपन्यांकडे गेला. कॉलेज कोचची रांग तिथे प्रेक्षकांत बसायची. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआयने धाडी घातल्या तेव्हा बाहेर आलं की आदिदासच्या माणसांनी एका खेळाडूच्या घरच्यांना एक लाख डॉलर देऊ केले होते. का, तर त्याने लुइव्हिल विद्यापीठात जावं. लुइव्हिलशी आदिदासचा करार होता. आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो पुढच्या वर्षी न्यायालयात दोषी ठरले आणि लुइव्हिलचे दिग्गज कोच रिक पिटिनो यांची नोकरी त्याआधीच गेली होती.

तरीही धावण्याला हाच मापदंड लावावा असं मला वाटत नाही. बास्केटबॉलमध्ये कोण मोठा हे कॅम्पच ठरवायचा. कोपऱ्यातल्या गावातला पोरगा तिथे एक आठवडा चमकला की त्याचं नाव यादीत तीस जागा वर. म्हणजे कॅम्पचं दार ज्याच्या हातात, त्याच्या हातात पोराचं नशीब. धावण्यात क्रम उलटा आहे. आधी घड्याळ बोलतं, मग कॅम्प बोलावतो. 3200 मीटरची वेळ त्याच रात्री इंटरनेटवर दिसते, ती आयोवातल्या कोचला दिसते तशीच ओरेगनमधल्यालाही. मोजमाप देशांच्या सीमाही ओलांडतं. दिल्लीच्या तेजस्विन शंकरने 2016 मध्ये शाळकरी वयात 2.26 मीटर उंच उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला, मग कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला आणि 2018 व 2022 मध्ये एनसीएएचा विजेता झाला. अमेरिकेतल्या कोचला कळायला तो आकडा पुरेसा होता.

आणखी एक. कंपनीचा ओढा आणि तिच्या लाडक्या विद्यापीठाचा फायदा एकाच दिशेने जातात, असंही नेहमी होत नाही. व्हर्जिनियाचा ड्रू हंटर शाळेत असतानाच चार मिनिटांच्या आत मैल पळाला आणि ओरेगनला येतो म्हणून सही करून बसला. 2016 मध्ये आदिदासने करार पुढे केला. हंटर कॉलेजसाठी एकही शर्यत न पळता थेट व्यावसायिक झाला. ओरेगनचा कोच हात चोळत राहिला असणार.

आता तर जुना वाद थोडा हास्यास्पदच वाटतो. 1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि कितीतरी राज्यांत शाळकरी मुलांनाही. काल ज्या फुकटच्या बुटांवरून भुवया उंचावत होत्या, त्याच बुटांचा रीतसर करार आज मुलगी करू शकते. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यात 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये ॲथलेटिक्स आणि क्रॉस कंट्री (रानवाटांवरच्या शर्यती) मिळून मुलांसाठी 12.6 आणि मुलींसाठी 18 स्कॉलरशिप, त्या कोच तुकडे करून वाटायचा. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली, पण तिच्या जागी संख्येची मर्यादा आली: क्रॉस कंट्रीच्या संघात जास्तीत जास्त 17. पूर्वी स्कॉलरशिप नसलेली पण जिद्दीची पोरं संघात मागच्या रांगेत सामावून जायची, त्यांच्यासाठी आता तिथे फार कमी जागा उरली. माझ्या मते कुणाला नायकीने बीव्हर्टनला नेलं यापेक्षा या सतरात न बसणाऱ्यांचा प्रश्न जास्त बोचरा आहे.

तर मेल आला की पाहायचं एवढंच: फी कोण भरतंय? तुम्ही भरत असाल तर तो बहुधा विद्यापीठाचा कॅम्प. त्यात शिकायला मिळतं, कोचची पद्धत कळते, हॉस्टेलचं जेवण कळतं, पण त्याने निवड होत नाही. कंपनी भरत असेल तर मुलगी आधीच एवढी वेगवान आहे की कोचना ती ठाऊक असणारच.

आमच्या त्या लेकीने कॅम्पला जायचं नाही असं ठरवलं. फीचे पैसे नव्या स्पाइक्समध्ये, म्हणजे शर्यतीच्या खिळ्यांच्या बुटांत गेले. तिने स्वतः निवडलेल्या सहा कॉलेजांच्या कोचना आपल्या वेळा आणि मार्क कळवले. 15 जूनला तिचे बाबा सकाळपासून फोन हातात धरून बसले होते. ज्या विद्यापीठाने कॅम्पला 'बोलावलं' होतं, तिथून दिवसभरात काहीच आलं नाही. संध्याकाळी त्या सहांपैकी एका छोट्या कॉलेजच्या सहायक कोचचा दोन ओळींचा मेसेज आला. त्यात एकच प्रश्न होता: मेमधल्या शर्यतीत तुझी शेवटची लॅप किती सेकंदांची होती?