इंजिनचं काम नुकतंच झालं, तरी रॉड बेअरिंग गेलं?

इंजिन पूर्ण खोलून बांधलं, गाडी जेमतेम काही हजार किलोमीटर चालली आणि खालून ठकठक सुरू झाली. अशी गाडी घेऊन येणारे बहुतेक मालक एकच गोष्ट सांगतात: ‘बेअरिंगचा सेट खराब निघाला असेल, दुसरा टाकून द्या.’ सेटच खराब निघणं अगदी अशक्य नाही, पण क्वचितच घडतं. कारण न शोधता नवा सेट टाकला, तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून नुसते बेअरिंग बदलण्याचं काम आम्ही घेत नाही.

रॉड बेअरिंग म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकात, क्रँकच्या जर्नलभोवती (रॉड जिथे बसतो त्या गोल, गुळगुळीत भागाभोवती) बसणारे दोन अर्धगोल शेल. पाठ पोलादाची, आत मऊ मिश्रधातूचा थर. इंजिन चालू असताना जर्नल या थराला टेकत नाही, मध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो. साधारण 50 मिलिमीटर जाडीच्या जर्नलला ही फट 0.04 ते 0.05 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच धरायचा. एवढ्याशा जागेत धुळीचा कणही मोठा ठरतो.

आवाज नक्की कशाचा?

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वरून येतो, हलका असतो. पिस्टन सैल असेल तर गार इंजिन जास्त वाजतं आणि तापल्यावर आवाज बसतो. रॉडचं उलट आहे: ऑइल तापून पातळ झालं की ठोका वाढतो, आणि ऍक्सिलरेटर सोडताना तो हमखास ऐकू येतो. एकेका सिलिंडरची ठिणगी किंवा इंजेक्टर थोडा वेळ बंद करून पाहतात. ज्या सिलिंडरला आवाज दबतो, तिथला रॉड संशयित.

ऑइलचा दिवा लागला नाही, म्हणजे प्रेशर ठीक आहे असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो दिवा प्रेशर अगदीच पडल्यावर लागतो. आम्ही वेगळा गेज लावून गरम इंजिनवर प्रेशर मोजतो आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडतो. चमचमणारी कणी मिळाली की चुंबक फिरवायचं. चिकटली तर लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी तांबूस कणी असेल, तर बहुधा बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला तांब्याचा थर उघडा पडला आहे.

शेल काय सांगतात

खरा निकाल इंजिन खोलल्यावर लागतो. शेलवर गोलाकार बारीक ओरखडे आणि रुतलेले कण दिसले, तर घाण. हे आम्हाला सर्वाधिक सापडतं. क्रँक ग्राइंड केल्यावर त्याची ऑइलची भोकं ब्रशने साफ केली नाहीत, किंवा ब्लॉकच्या गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग न काढताच तो धुतला, की आतली कणी पहिल्याच स्टार्टला बेअरिंगमध्ये येते. कधी शेल बसवताना त्याच्या पाठीमागे एखादा कचरा राहतो. मग आतल्या बाजूला नेमका तेवढाच ठिपका घासलेला दिसतो. असा शेल उलटून पाहिला की पाठीवर त्याच जागी डाग सापडतो.

वरचा शेल एका कडेला आणि खालचा विरुद्ध कडेला घासला असेल, तर रॉड वाकडा आहे. दोन्ही शेल एकाच कडेला घासले असतील तर ग्राइंडिंगमध्ये जर्नल निमुळता झाला असावा. दोन शेलच्या जोडाजवळ एका शेलची एक बाजू आणि दुसऱ्याची समोरची बाजू खाल्ली असेल, तर कॅप (मोठ्या टोकाचा बोल्टने बसणारा खालचा अर्धा भाग) सरकलेली, उलटी बसलेली किंवा दुसऱ्याच रॉडची आहे. शेलची पाठ घासून चकचकीत झाली असेल, तर शेल मोठ्या टोकात घट्ट बसलाच नव्हता.

फक्त वरचे शेल चेपले असतील तर काम करणाऱ्याला दोष देण्याआधी इग्निशन टायमिंग आणि गाडी चालवण्याची पद्धत पाहावी लागते. स्फोटाचा मार वरच्या शेलवर येतो. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, भरलेली गाडी चढावर रेटली की तो वाढतो.

धातू वितळल्यासारखा पसरला आणि शेल काळानिळा पडला, म्हणजे ऑइल पोचलं नाही. एकाच रॉडचं असं झालं तर त्याच्याकडे जाणारी ऑइलची वाट तपासायची. सगळ्यांचं झालं तर ऑइल पंप आणि स्ट्रेनर (पंपाच्या तोंडाची गाळणी). चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) बसवताना गॅस्केट मेकर (सांधा बंद करणारी पेस्ट) सढळ हाताने लावलेला असतो. बाहेर आलेली कड आपल्याला दिसते, पण तेवढीच आतही गेलेली असते. ती तुटून रबरी तुकडे स्ट्रेनरच्या जाळीला चिकटतात.

गाडी आणण्यापूर्वी

ठोका ऐकू आला की इंजिन बंद करा. ‘हळूहळू चालवत आणतो’ म्हणू नका, टो करून आणा. नुसता शेल गेलेला असताना थांबलं तर क्रँक बऱ्याचदा वाचतो. ऑइल काढून टाकू नका, जुना फिल्टर असेल तर तोही ठेवा. दुसरीकडे इंजिन खोललं गेलं असेल, तर प्रत्येक शेलवर सिलिंडर नंबर आणि वर-खाली लिहून ठेवायला सांगा. एका पिशवीत मिसळलेल्या शेलवरून फारसं काही कळत नाही.

इंजिन पुन्हा बांधताना आम्ही प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजतो, मोठं टोक कॅप कसून गोल आहे का पाहतो आणि पहिल्या स्टार्टआधी ऑइलचं प्रेशर चढवून घेतो. पहिलं ऑइल आणि फिल्टर 500 किलोमीटरला बदलायला या. तो फिल्टर आम्ही तुमच्यासमोर कापतो. जर्नलची मापं आणि मिळालेली फट बिलाच्या मागे लिहिलेली असते. काम आमच्याकडे करा किंवा दुसरीकडे, हा कागद मागून घ्या.