ओटा बसवून झाल्यावर उरलेल्या दगडाचे काय करावे?

स्वयंपाकघराचा ओटा, खिडक्यांच्या चौकटी किंवा जिन्याच्या पायऱ्या यांसाठी दगड घेताना ग्राहक पैसे मोजतात ते पूर्ण लादीचे, प्रत्यक्ष बसवलेल्या चौरस फुटांचे नव्हे. कापून उरलेला तुकडा त्यामुळे आपल्याच मालकीचा असतो. तरीही काम संपल्याच्या गडबडीत तो बहुधा राडारोड्याच्या गोणीत जातो. तसे होऊ नये, म्हणून आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती देत आहोत.

सर्वप्रथम, बसवलेल्या प्रत्येक दगडाचा निदान एक मोठा तुकडा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. नैसर्गिक दगडाची छटा आणि रेषा प्रत्येक लादीगणिक बदलत असल्याने, चार वर्षांनी ओट्याचा कोपरा उडाल्यास त्याच नावाचा दगड बाजारात मिळेल, पण तो जुळेलच असे नाही.

उरलेला दगड कोणता आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो. तुकड्याच्या मागील, पॉलिश नसलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाहावे. बारीक फेस आला तर तो चुनखडीच्या कुळातला दगड समजावा: राजस्थानचा मार्बल, कोटा, कर्नाटकातील शहाबाद आणि आंध्रातून येणारा काळा कडप्पा हे सारे त्यात येतात. अशा दगडावर चिंच, कोकम, दही सांडले की पॉलिश उडून पांढुरका डाग राहतो. ग्रॅनाईटवर फेस येत नाही. काळा ग्रॅनाईट आणि पॉलिश केलेला कडप्पा यांत गल्लत होते, ती या चाचणीने दूर होते.

सर्वांत हमखास वाया जाणारा तुकडा म्हणजे सिंकसाठी कापून काढलेला चौकोन. 24 बाय 18 इंचांच्या सिंकमागे सुमारे पावणेतीन चौरस फुटांचा तुकडा निघतो आणि 18 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाईटमध्ये त्याचे वजन साधारण 12 किलो भरते. कटरने कापलेल्या त्याच्या कडा खरबरीत असतात. त्या इंचभर छाटून गोल घासून घेतल्या की तोच तुकडा देवघराची बैठक, मिक्सरखालचा पाट किंवा बाल्कनीतील तुळशीच्या कुंडीखालचे आसन होतो. मार्बलचा असेल तर त्यातून पोळपाट निघतो, आणि थंड राहणाऱ्या त्या पृष्ठभागावर उन्हाळ्यातही कणीक चिकटत नाही, असा आमच्या घरचा अनुभव आहे. मात्र लादीच्या मागे फायबरची जाळी चिकटवलेली असल्यास ती पूर्ण काढल्याशिवाय तुकडा खाद्यपदार्थांसाठी वापरू नये.

चार ते सहा इंच रुंदीच्या लांब पट्ट्या बाथरूमच्या उंबरठ्याला किंवा खिडकीच्या तळाला लावता येतात. खिडकीसाठी पट्टी भिंतीबाहेर दीड इंच काढून तिच्या खालच्या बाजूस, कडेपासून अर्धा इंच आत, बारीक खाच मारून घ्यावी. पावसाचे पाणी त्या खाचेपाशी ठिबकते आणि भिंतीवर ओघळत नाही. त्रिकोणी तुकडे बाथरूमच्या कोपऱ्यात साबण-शाम्पूच्या फळ्या म्हणून चांगले बसतात, पण भिंतीत खाच घेऊनच. आमच्याच एका कामात केवळ चिकटद्रव्याच्या भरवशावर लावलेली फळी आठ दिवसांत खाली आली आणि तिने नवी फरशीही फोडली. तो खर्च आम्ही सोसला.

पॉलिश केलेला दगड पाण्यात निसरडा होतो. म्हणून बाग, अंगण किंवा मोरीत तो उलटा, म्हणजे खरबरीत बाजू वर ठेवून बसवावा. शहाबादचे न घासलेले तुकडे पायवाटेला उत्तम.

तळहाताएवढे तुकडे गॅलरीत तुकडा फरशीसाठी वापरता येतात. इमारतीच्या गच्चीवर असे काम करायचे असल्यास आधी सोसायटीची परवानगी घ्यावी, कारण वॉटरप्रूफिंगच्या थराला धक्का लागला की खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात, आणि ते दुरुस्त करणे आमच्या हाती नसते.

दगडाचा तुकडा तवा म्हणून थेट गॅसच्या आचेवर ठेवू नये, कारण असमान तापल्याने तो तडकून उडू शकतो. घरच्या घरी कोरडे कटिंगही टाळावे. ग्रॅनाईटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. कापताना पात्यावर पाण्याची धार हवीच.

तुकडे साठवताना आडवे न रचता भिंतीला टेकवून उभे ठेवावेत, मध्ये थर्माकोल किंवा लाकडी पट्टी घालावी. रद्दी घालू नये, कारण ओलाव्याने तिची शाई मार्बलमध्ये उतरते. कोणता तुकडा कशासाठी हवा हे आमचे कारागीर साइटवर असतानाच मापांसह सांगितल्यास कटिंग आणि कडांचे घासकाम त्याच यंत्रावर उरकता येते. नंतर यंत्र पुन्हा आणावे लागल्यास त्याचा वाहतूक खर्च वेगळा पडतो.