द्युला आंद्राशी: थोरला कोणता, धाकटा कोणता?

हंगेरीच्या इतिहासात ‘काउंट द्युला आंद्राशी, परराष्ट्रमंत्री’ असं दिसलं की आधी साल बघावं. बाप आणि लेक दोघांचं नाव तेच, किताब तोच, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं परराष्ट्र खातंही दोघांनी सांभाळलं. थोरल्याने ते जवळजवळ आठ वर्षं सांभाळलं, नोव्हेंबर १८७१ ते ऑक्टोबर १८७९. धाकट्याच्या वाट्याला आले जेमतेम दहा दिवस, तेही साम्राज्य डोळ्यांदेखत फुटत असताना, १९१८ साली. तरी एकाचं कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर सर्रास टाकलं जातं.

थोरला जन्मला ३ मार्च १८२३ रोजी. घराणं उत्तर हंगेरीतल्या बड्या जमीनदारांचं. आज तो भाग बराचसा स्लोव्हाकियात आहे. त्याच्या सार्वजनिक कामाची सुरुवातही जमिनीशी जोडलेलीच होती. तिसा नदी पुराने शेतं गिळायची, आणि तिच्या वरच्या खोऱ्यात पूर आवरण्यासाठी जमीनदारांनी काढलेल्या संस्थेचा तो १८४५ मध्ये अध्यक्ष झाला. मग ऑस्ट्रियाविरुद्धचा १८४८-४९ चा स्वातंत्र्यलढा आला. त्यात तो लढला, क्रांतिकारी सरकारचा दूत म्हणून इस्तंबूलला गेला आणि बंड मोडल्यावर परदेशातच राहिला. तो हाती लागत नाही म्हणून १८५१ मध्ये त्याला प्रतीकात्मक फाशी देण्यात आली. पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात त्यानंतर त्याला ‘देखणा फाशीवाला’ म्हणत. ‘फाशी झालेला आंद्राशी’ वाचून घराण्यातला कोणी खरोखर फासावर गेला असं समजू नये. ज्या ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रान्झ जोसेफच्या राजवटीने ही शिक्षा दिली, त्याच्याच डोक्यावर १८६७ मध्ये हंगेरीचा मुकुट ठेवण्याचा मान या ‘फाशीवाल्या’ला मिळाला. त्याच वर्षी तो हंगेरीचा पंतप्रधान झाला होता. हे पद धाकट्याला कधीच मिळालं नाही, त्यामुळे ‘पंतप्रधान आंद्राशी’ म्हणजे थोरलाच.

धाकटा ३० जून १८६० चा, जन्म त्योकेतेरेबेशचा, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या त्रेबिशोवचा. १९०६ ते १९१० तो हंगेरीचा गृहमंत्री होता. त्याने आणलेलं मताधिकार विधेयक काही मतदारांना एकाहून जास्त मतं देऊ पाहत होतं. एकंदरीत तो बापापेक्षा जास्त अभ्यासू आणि कमी नशीबवान.

दोघांना वेगळं ओळखायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे जर्मनीशी झालेला तह. बर्लिन काँग्रेस (१८७८) आणि तिथे मिळवलेला बॉस्निया-हर्झेगोव्हिनाचा ताबा हे थोरल्याचं काम. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी व्हिएन्नात जर्मनीबरोबरच्या दुहेरी करारावर सहीही त्यानेच केली, आणि लगेच मंत्रिपद सोडलं. ३९ वर्षांनी, पहिलं महायुद्ध संपत आलं असताना, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, धाकट्याने अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांना खलिता पाठवला: ऑस्ट्रिया-हंगेरी इतरांसाठी न थांबता स्वतंत्र तह करायला तयार आहे. बापाने बांधलेली युती त्या कागदाने संपली. युती ‘केली’ असेल तर थोरला, ‘मोडली’ असेल तर धाकटा.

तारखा एकदा लक्षात राहतात. खरा घोळ होतो तो नात्यांत. थोरल्याची बायको कातिंका केंदेफी. तिचा मोठा मुलगा तिवादार, त्याच्या पाठचा धाकटा द्युला. तिवादारचं लग्न एलेओनोरा झिचीशी झालं. १९०५ मध्ये तिवादार वारला आणि १९०९ मध्ये एलेओनोराने धाकट्या दिराशी, म्हणजे द्युलाशी, लग्न केलं. त्यामुळे तिवादारच्या मुलींचा काका हाच त्यांचा सावत्र बाप झाला. वंशावळीत एलेओनोरा कधी एकाची तर कधी दुसऱ्याची बायको दिसते, ती छपाईची चूक नव्हे.

या मुलींपैकी एक पुन्हा कातिंकाच (१८९२–१९८५). आजी आणि नात यांचीही सरमिसळ होते. नात कातिंकाने १९१४ मध्ये हंगेरियन राजकारणी मिहाय कारोयीशी लग्न केलं. पुढे ती ‘लाल काउंटेस’ म्हणून ओळखली गेली. धाकटा द्युला कारोयीचा ‘सासरा’ असं लिहिलेलं आढळतं. नेमकं सांगायचं तर चुलत सासरा आणि सावत्र सासरा, दोन्ही एकदम. याचा परिणाम बघा: ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी बुडापेस्टमध्ये कारोयी क्रांतीच्या लाटेवर सत्तेत आला, तेव्हा व्हिएन्नात राजाचा परराष्ट्रमंत्री होता त्याच्याच बायकोचा काका. त्यानंतरही दोघांच्या वाटा उलट्याच राहिल्या. कारोयीने फेब्रुवारी १९१९ मध्ये कापोल्ना इथे स्वतःची जमीन शेतकऱ्यांना वाटायला सुरुवात केली. धाकटा द्युला मात्र राजनिष्ठच राहिला, आणि १९२१ मध्ये परागंदा राजा चार्ल्स चौथा याला परत आणायचा प्रयत्न फसला तेव्हा अटकेत गेला. याच काळाबद्दल वाचताना द्युला कारोयी हे नावही भेटेल. तो मिहायचा चुलतभाऊ, १९१९ च्या प्रतिक्रांतिकारी सरकारचा प्रमुख. आंद्राशी घराण्यातला नव्हे.

हंगेरियन मजकुरात आडनाव आधी येतं, आणि त्याच्याही आधी ‘इफ्याब’ असेल तर तो धाकटा. ही खूण इतर भाषांतल्या मजकुरात बरेचदा गळते. १८९० मध्ये थोरला वारला, त्यामुळे त्यानंतरच्या घडामोडींत शंका उरत नाही. १८८० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र दोघेही राजकारणात होते, म्हणून तेवढी पाच-सहा वर्षं जपून वाचावी.

बुडापेस्टचा आंद्राशी रस्ता थोरल्याच्या नावाचा आहे, आणि त्याच्या हयातीतच, १८८५ मध्ये, त्याला हे नाव मिळालं. संसदेजवळचा घोड्यावरचा पुतळाही त्याचाच. मूळ पुतळा १९४५ मध्ये हटवला गेला, आजचा २०१६ चा. समाधी पाहायला जायचं असेल तर आणखी एक फसगत टाळावी. क्रास्ना होर्का किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली प्रसिद्ध आंद्राशी समाधी घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या देनेश आणि त्याची बायको फ्रान्सिस्का यांची आहे. थोरला द्युला आहे त्रेबिशोवच्या उद्यानातल्या गॉथिक धर्तीच्या समाधीत.