सासरे, मेहुणे आणि जांभळा झगा : रोमच्या गादीचा झगडा

रोममध्ये कोलोसियमच्या शेजारी सम्राट कॉन्स्टंटाइनची कमान उभी आहे. ३१५ साली सिनेटने ती त्याला अर्पण केली. तिच्यावरच्या लॅटिन लेखात म्हटलंय की दैवी प्रेरणेने आणि स्वतःच्या थोर बुद्धीने त्याने 'जुलमी माणसाचा आणि त्याच्या सगळ्या टोळीचा' समाचार घेतला. हा जुलमी माणूस कोण, ते मात्र लेखात नाही. त्याचं नाव मॅक्सेन्टियस. सहा वर्षं त्याने याच शहरातून राज्य केलं, आणि याच सिनेटने त्याच्यापुढेही माना तुकवल्या होत्या. नात्याने तो कॉन्स्टंटाइनच्या बायकोचा सख्खा भाऊ.

उत्तर रोमन काळातल्या या लढायांकडे बहुतेकदा ख्रिस्ती धर्माच्या विजयाची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. मला त्या आधी घरातल्या लढाया वाटतात. कोण कोणाचा जावई, कोणाचा मुलगा डावलला, कोणी कोणाच्या मुलीशी लग्न लावलं, हे समजलं की ३०६ ते ३२४ या अठरा वर्षांतली गुंतागुंत बरीच सुटते.

मुळात रोमच्या गादीला वारसाहक्काचा लेखी कायदा कधीच नव्हता. सिनेटची मान्यता हा उपचार. खरा निकाल फौजेचा. फौजेने ज्याच्या अंगावर जांभळा झगा चढवला तो सम्राट. जिंकला तर कायदेशीर, हरला तर 'टायरॅनस', म्हणजे तोच कमानीवरचा जुलमी माणूस. २३५ साली राईनकाठी, आजच्या माइंझजवळ, सैनिकांनी सेव्हेरस अलेक्झांडरला मारलं आणि पुढची पन्नास वर्षं हाच कारभार चालला. या काळात वीसहून अधिक सम्राट होऊन गेले आणि अंथरुणावर मरण आलेले त्यांत अगदी थोडे. ऑरेलियनने फुटलेलं साम्राज्य पुन्हा जोडलं, पण २७५ साली एका कारकुनाने स्वतःवरची शिक्षा चुकवायला 'सम्राट यांना मारणार आहे' अशी अधिकाऱ्यांची खोटी यादी बनवली आणि घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी सम्राटालाच संपवलं. प्रोबसला २८२ साली मारलं ते त्याने सैनिकांना दलदल उपसायच्या कामाला जुंपलं म्हणून, असं सांगतात.

२८४ च्या हिवाळ्यात इराणच्या मोहिमेवरून फौज परतत होती. तरुण सम्राट न्यूमेरियन बंद पालखीत होता. डोळे आलेत, उजेड सहन होत नाही, असं सांगितलं जात होतं. शेवटी पालखीतून दुर्गंध यायला लागला तेव्हा कळलं की तो केव्हाच मेलेला आहे. २० नोव्हेंबरला निकोमीडियाजवळ (आजचं तुर्कस्तानातलं इझ्मित) फौजेने अंगरक्षकांचा प्रमुख डायोक्लीस याला सम्राट केलं. त्याने तलवार उपसली, आपण निर्दोष असल्याची शपथ घेतली आणि खुनी हाच म्हणत न्यूमेरियनचा सासरा आपेर याला सगळ्यांसमोर तिथल्या तिथे भोसकलं. आपेरला बोलू दिलं असतं तर तो काय बोलला असता, हे अर्थातच कळायला मार्ग नाही.

हाच डायोक्लीस पुढे डायोक्लेशियन झाला. अशा वाटेने आलेल्या माणसाला या वाटेचा धोका दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. एक सम्राट एका वेळी एकाच सरहद्दीवर असू शकतो आणि दुसऱ्या सरहद्दीवरची फौज तेवढ्यात आपला सम्राट उभा करते, हे त्याने ओळखलं. म्हणून २८६ पर्यंत त्याने आपला जुना सहकारी मॅक्सिमियन याला बरोबरीचा सम्राट केलं आणि १ मार्च २९३ रोजी दोघांच्या हाताखाली दोन धाकटे नेमले : पश्चिमेला कॉन्स्टँटियस, पूर्वेला गॅलेरियस. थोरल्यांचा किताब 'ऑगस्टस', धाकट्यांचा 'सीझर'. गादी बापाकडून मुलाकडे न जाता थोरल्याकडून धाकट्याकडे जावी आणि मग नवा धाकटा निवडला जावा, अशी ही व्यवस्था.

पण ही चौकट बांधायला चुना वापरला तो सोयरिकीचा. गॅलेरियसने डायोक्लेशियनची मुलगी व्हॅलेरिया केली. कॉन्स्टँटियसने हेलेनाला, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या आईला, बाजूला सारून मॅक्सिमियनच्या घरातली थिओडोरा केली. मॅक्सिमियनच्या मुलाने, म्हणजे मॅक्सेन्टियसने, गॅलेरियसची मुलगी केली. एकीकडे रक्ताच्या मुलांना वगळायचं आणि दुसरीकडे सगळ्यांना जावई-सासरे करून ठेवायचं, हा विरोधाभास तेव्हा कोणाला जाणवला नसेल असं वाटत नाही. पण डायोक्लेशियनला स्वतःला मुलगा नव्हता. ज्यांना होते त्यांचं दुखणं त्याला कसं कळावं?

व्हेनिसला सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यात या चौघांचं म्हणून ओळखलं जाणारं एक शिल्प आहे, गडद तांबूस-जांभळ्या पॉर्फिरी दगडातलं. दोन-दोनच्या जोड्या एकमेकांना कवटाळून उभ्या. चेहरे इतके सारखे की कोण कोणता ते सांगता येत नाही. तेच तर दाखवायचं होतं. पण नीट पाहिलं तर प्रत्येकाचा एक हात तलवारीच्या मुठीवर आहे. हे शिल्प कॉन्स्टँटिनोपलहून (आजच्या इस्तंबूलहून) लुटून आणलेलं. एका आकृतीचा पाय तुटका होता, तिथे फिकट दगड बसवलाय. मूळ पाऊल १९६० च्या दशकात इस्तंबूलच्या उत्खननात सापडलं आणि ते तिथल्याच संग्रहालयात आहे.

१ मे ३०५ रोजी डायोक्लेशियनने आधीच्या कोणत्याही रोमन सम्राटाने न केलेली गोष्ट केली. तो स्वखुशीने पायउतार झाला आणि मॅक्सिमियनलाही त्याच दिवशी मिलानमध्ये पायउतार व्हायला लावलं. निकोमीडियाबाहेरच्या टेकडीवर, ज्युपिटरच्या पुतळ्याच्या खांबापाशी फौज जमली होती. धाकटे आता थोरले होणार. नवे धाकटे कोण, ते जाहीर व्हायचं होतं. पूर्वेचा सीझर कॉन्स्टंटाइन होणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. तो मंचावरच उभा होता. तेवढ्यात गॅलेरियसने हात मागे नेला, कॉन्स्टंटाइनला बाजूला सारलं आणि मागून आपल्या बहिणीच्या मुलाला, मॅक्सिमिनस डायाला, पुढे ओढलं. डायोक्लेशियनने स्वतःच्या अंगावरचा जांभळा झगा उतरवून डायाच्या खांद्यावर टाकला आणि गाडीत बसून गावी निघून गेला. पश्चिमेला सीझर झाला सेव्हेरस, तोही गॅलेरियसचा दोस्त.

हा प्रसंग सांगतो लॅक्टॅन्शियस. तो निकोमीडियात वक्तृत्व शिकवत असे आणि पुढे कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा, क्रिस्पसचा, शिक्षक झाला. त्यामुळे गॅलेरियसच्या वाट्याला त्याच्याकडून बरा शब्द येणं शक्यच नव्हतं. पण दोन मुलगे डावलले गेले, कॉन्स्टंटाइन आणि मॅक्सेन्टियस, एवढं पक्कं. इथून पुढे जे झालं ते याच दोघांमुळे.

२५ जुलै ३०६ रोजी कॉन्स्टँटियस ब्रिटनमध्ये, आजच्या यॉर्कला, वारला. मुलगा तोवर त्याच्यापाशी पोहोचला होता. फौजेने तिथल्या तिथे कॉन्स्टंटाइनला ऑगस्टस म्हणून पुकारलं. त्याने प्रथेप्रमाणे आपली पानांच्या मुकुटातली प्रतिमा गॅलेरियसकडे पाठवली. ती स्वीकारणं म्हणजे मान्यता देणं. गॅलेरियसने ती आणणाऱ्यासकट जाळायचं मनात आणलं होतं म्हणतात, पण शेवटी त्याने साप मरावा आणि काठीही तुटू नये असा मार्ग काढला : जांभळा झगा स्वतःच पाठवला, पण किताब दिला धाकट्याचा. ऑगस्टस केलं सेव्हेरसला. कॉन्स्टंटाइनने तेवढ्यावर तूर्त समाधान मानलं.

हे पाहून मॅक्सेन्टियसचं पित्त खवळलं नसतं तरच नवल. तोही सम्राटाचा मुलगा, आणि वर गॅलेरियसचा जावई. त्यात रोम शहर चिडलेलं होतं : सम्राट आता तिथे राहतच नव्हते, त्यावर नवा कर बसणार होता आणि तिथल्या प्रिटोरियन पहाऱ्याचीही गच्छंती ठरली होती. २८ ऑक्टोबर ३०६ रोजी त्याच पहाऱ्याने त्याला सम्राट केलं. सेव्हेरस मिलानहून चालून आला, पण त्याची फौज वर्षानुवर्षं मॅक्सिमियनच्या हाताखाली लढलेली. मॅक्सेन्टियसने म्हाताऱ्या बापाला निवृत्तीतून बोलावून घेतलं, पैसा सोडला, आणि फौज फुटली. सेव्हेरस राव्हेन्नात शरण आला आणि पुढे जिवानिशी गेला. मग सासरा गॅलेरियस स्वतः जावयावर चालून आला. त्याने रोम तोवर पाहिलंच नव्हतं; इतर शहरांपेक्षा फार मोठं नसेल असा त्याचा अंदाज होता, असं लॅक्टॅन्शियस टोमणा मारतो. तट पाहिल्यावर वेढा घालण्याइतकं सैन्य नाही हे उमगलं, आणि वाटेत इटलीची लूट करत तो माघारी गेला.

इकडे मॅक्सिमियनने ३०७ साली आपली लहान मुलगी फाउस्टा कॉन्स्टंटाइनला देऊन तोही पक्ष बांधून ठेवला. पुढच्याच वर्षी मुलाशी बिनसलं. रोममध्ये फौजेच्या सभेत त्याने मॅक्सेन्टियसच्या अंगावरचा झगा ओढला. सैनिक मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि बाप जावयाकडे पळाला.

नोव्हेंबर ३०८ मध्ये डॅन्यूबकाठी कार्नुन्टम इथे गॅलेरियसने म्हाताऱ्या डायोक्लेशियनला बोलावून बैठक घेतली. सेव्हेरसच्या जागी लिसिनियस नेमला गेला, मॅक्सिमियनला पुन्हा घरी बसायला सांगितलं, मॅक्सेन्टियसला बंडखोर ठरवलं. डायोक्लेशियनला पुन्हा गादीवर बसायची गळ घातली तेव्हा, माझ्या गावी, सालोनाला, मी स्वतःच्या हातांनी लावलेली भाजी तुम्ही पाहिली असती तर असं विचारलं नसतं, असं तो म्हणाल्याचं सांगतात. तोडगा कोणालाच पटला नाही. आफ्रिकेतही डोमिशियस अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं होतं, त्यामुळे तिथून रोमला येणारं धान्य थांबलं. एका साम्राज्यात सम्राट म्हणवणारे किती, ते मोजायला आता दोन्ही हात लागत होते.

मग एकेक करून मोहरे पडत गेले. ३१० साली मॅक्सिमियनने जावयाच्या गैरहजेरीत आर्लमध्ये पुन्हा झगा चढवला. मार्सेयला पकडला गेला आणि गळफास घेऊन मेला, निदान तसं जाहीर झालं. ३११ मध्ये गॅलेरियस आजाराने गेला. मरण्याआधी त्याने ख्रिश्चनांचा छळ थांबवण्याचा हुकूम काढला. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन आल्प्स उतरला, ट्यूरिन आणि व्हेरोना घेऊन रोमपाशी आला. लढाईआधी त्याला आकाशात ख्रिस्ती चिन्ह दिसल्याच्या कथेवर इतकं लिहिलं गेलंय की ती इथे सोडतो. मॅक्सेन्टियसला तटाआड बसून राहणं सोपं होतं. पण तारीख होती २८ ऑक्टोबर, गादीवर बसल्याचा सहावा वाढदिवस, आणि सिबिलच्या, म्हणजे रोमच्या जुन्या भविष्यवाणीच्या, पोथ्यांतून कौल निघाला होता की आज रोमनांचा शत्रू मरेल. तो बाहेर पडला. मिल्व्हियन पुलापाशी फौज मोडली आणि पळताना तो टायबरमध्ये बुडाला. प्रेत शोधून काढून मुंडकं भाल्यावर रोममध्ये मिरवलं, नंतर खात्रीसाठी आफ्रिकेला पाठवलं.

२००६ साली पॅलेटाइन टेकडीवरच्या उत्खननातली एक चीज जाहीर झाली : रेशमी आणि तागाच्या कापडात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून पुरलेला राजदंड, भाल्यांची पाती, काचेचे आणि कॅल्सेडनी दगडाचे गोळे. ही बहुधा मॅक्सेन्टियसची राजचिन्हं. त्याच्या कोणा माणसाने जिंकणाऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून ती पुरली असावीत, आणि उकरायला तो परत आला नाही.

३१३ मध्ये मिलानला लिसिनियसचं कॉन्स्टंटाइनच्या सावत्र बहिणीशी, कॉन्स्टँशियाशी, लग्न झालं. आणखी एक मेहुणा. त्याच वर्षी लिसिनियसने डायाला हरवलं. डाया गुलामाच्या वेषात पळाला आणि टार्ससला मेला. यानंतर लिसिनियसने जुन्या सम्राटांची घरंच निपटून काढली : डायाची मुलं, सेव्हेरसचा मुलगा, गॅलेरियसचा मुलगा. गॅलेरियसची विधवा व्हॅलेरिया आधी डायाच्या आश्रयाला गेली होती. त्याने मागणी घातली, तिने नकार दिला, म्हणून हद्दपारी. बापाने, डायोक्लेशियनने, तिच्यासाठी निरोपांवर निरोप धाडले. ज्याने यांना गाद्या दिल्या त्याचं आता कोणी ऐकत नव्हतं. लिसिनियसच्या काळात ती आणि तिची आई प्रिस्का पंधरा महिने साध्या बायकांच्या कपड्यांत गावोगाव लपत फिरल्या. थेस्सलोनिकीत कोणीतरी ओळखलं. भर गर्दीत दोघींची डोकी उडवून प्रेतं समुद्रात फेकली गेली. कोणत्याही फौजेवर यांचा दावा नव्हता, पण व्हॅलेरियाशी लग्न करणारा दावेदार ठरला असता.

उरलेल्या दोन मेहुण्यांचं ३१६ मध्ये एकदा जुंपलं, ३१७ मध्ये तह झाला आणि ३२४ मध्ये कायमचा निकाल लागला. एड्रियानोपल, हेलेस्पॉन्टची आरमारी लढाई (ती क्रिस्पसने जिंकली), मग १८ सप्टेंबरला क्रायसोपोलिस. कॉन्स्टँशियाने भावाकडे नवऱ्याचा जीव मागितला, कॉन्स्टंटाइनने अभय दिलं, आणि वर्षभरात लिसिनियसला मारलं. ३२६ मध्ये तिच्या मुलाचा नंबर लागला, आणि त्याच वर्षी क्रिस्पस आणि फाउस्टा दोघंही बापाच्या आणि नवऱ्याच्या हुकमाने गेले. कारणं नंतरच्या लेखकांनी नाना प्रकारे सांगितलीत. समकालीन बिशप युसेबियस, जो आधी क्रिस्पसचं कौतुक करत होता, तो कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात त्याचं नावसुद्धा घेत नाही.

३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारला. तीन मुलगे होते, पण थिओडोराच्या पोटचे सावत्र भाऊ आणि त्यांचे मुलगेही होते. काही महिन्यांत कॉन्स्टँटिनोपलच्या सैनिकांनी ती सगळी शाखा कापून काढली. वाचले ते दोन पोरगे. त्यातला धाकटा, ज्युलियन, तेव्हा पाच-सहा वर्षांचा.

३६० साली पॅरिसमध्ये फौजेने याच ज्युलियनला ढालीवर उचलून ऑगस्टस म्हणून पुकारलं. डोक्याला बांधायला मुकुट नव्हता. बायकोचा एखादा दागिना चालेल का, असं कोणी सुचवलं. पहिल्याच दिवशी बाईचा दागिना अशुभ, म्हणून तो नको म्हणाला. घोड्याच्या साजातलं काही घ्यावं तर तेही शोभेना. शेवटी मॉरस नावाच्या निशाणबरदाराने आपल्या गळ्यातली हसळी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. ज्युलियनने प्रत्येक सैनिकाला पाच सोन्याची नाणी आणि एक पौंड चांदी कबूल केली.