चर्चची वाढ, घट आणि ख्रिस्ती आशा

उपासनेला येणाऱ्यांची संख्या रोडावत असतानाही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भवितव्याविषयी धीर सोडायचा नाही, ही ख्रिस्ती भूमिका. ‘विश्वास, आशा, प्रीती’ या त्रयीतल्या आशेचा आधार येशूचे पुनरुत्थान मानला जातो. मग रविवारच्या हजेरीशी तिचा संबंध किती, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आला. त्याला उत्तरे शोधणारे दोन ठळक विचारवंत भारतात घडले होते.

इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ मध्ये सुमारे ७२ टक्के होते, २०२१ मध्ये ४६. पण १९१० मध्ये जगातले दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत. २०२० मध्ये तिथे जेमतेम २२ टक्के उरले आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा वाटा ३१ टक्क्यांच्या घरात गेला. जगभरची ख्रिस्ती संख्या सुमारे २३० कोटींपर्यंत वाढली, मात्र जगाच्या लोकसंख्येतला हिस्सा थोडा घसरून २९ टक्क्यांच्या किंचित खाली आला. तेव्हा ‘चर्च ओसरतंय’ असे कुणी म्हणाले, तर कुठले, हे आधी विचारावे लागते.

डॉनल्ड मॅकगॅव्हरन (१८९७–१९९०) हे मध्य भारतातल्या दमोह इथे अमेरिकन मिशनरी कुटुंबात जन्मले. काही ठिकाणी मंडळी झपाट्याने वाढते आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षे तशीच राहते, हे कोडे त्यांना मध्य भारतात पडले. एकट्यादुकट्याने बाप्तिस्मा घेणारा भाऊबंदांपासून तुटतो, मिशनच्या आवारात राहायला येतो, नोकरी-घरासाठी मिशनवरच विसंबतो. नातलगांचा अख्खा गट एकत्र आला की असे होत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. या ताटातुटीची झळ मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे: ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नी काही वर्षे दुरावली. मॅकगॅव्हरन यांच्या १९५५ च्या पुस्तकातून ‘चर्चवाढ’ नावाची चळवळच उभी राहिली. जात, भाषा, वर्ग न ओलांडता ख्रिस्ती होता आले तर लोक सहज येतात, हे तिचे तत्त्व. ते व्यवहारात खरे असेलही, पण आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ जातवार मंडळ्या असा होतो. त्यावर झालेली टीका रास्तच म्हणावी लागेल.

लेस्ली न्यूबिगिन (१९०९–१९९८) १९३६ मध्ये भारतात आले, दक्षिण भारतात बिशप झाले आणि १९७४ मध्ये मद्रासहून मायदेशी, इंग्लंडला, परतले, तेही पत्नीसह खुष्कीच्या मार्गाने. वाटेत आजच्या तुर्कस्तानातला कॅपाडोशिया लागला. चौथ्या शतकात थोर ख्रिस्ती धर्मपंडित दिलेल्या या प्रदेशात रविवारी उपासनेला सोबत करायला एकही ख्रिस्ती सापडला नाही. दोघांनीच उपासना केली. मंडळी एखाद्या भूमीतून साफ पुसली जाऊ शकते, हे त्यांनी असे डोळ्यांनी पाहिले. इंग्लंडमध्ये सर्वांत अवघड काय वाटले, या प्रश्नाला त्यांचे ठरलेले उत्तर होते: आशा नाहीशी झाली आहे. मद्रासच्या झोपडपट्ट्यांतही उद्याचा दिवस बरा असेल असा भरवसा त्यांना दिसला होता. पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमध्ये तुरुंगासमोरच्या एका छोट्या मंडळीचे पाळकपण त्यांनी पत्करले. मी आशावादी नाही, निराशावादीही नाही, येशू मेलेल्यांतून उठला आहे, एवढेच ते म्हणत. आकडेवारीवर जगणाऱ्याला ही पळवाट वाटेल. पण मोडकळीला आलेली मंडळी चालवायला घेणाऱ्याला पळवाट शोधणारा म्हणणे कठीण आहे.

घटीच्या प्रदेशातली नवी वाढ बहुधा स्थलांतरितांची असते. नायजेरियातल्या लागोसमध्ये १९५२ साली स्थापन झालेल्या रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडच्या शाखा ब्रिटनभर आहेत. प्रेस्टन शहरातले सेंट इग्नेशियस हे जुने कॅथलिक चर्च २०१४ मध्ये बंद झाले, पुढच्याच वर्षी केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक समाजाकडे आले आणि २०१६ पासून ते त्यांचे कॅथेड्रल आहे. तिथे आता मल्याळममधून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होते. तिथेच जन्मलेली, इंग्रजीत वाढलेली मुले तिला येत राहतील का, हा तिथल्या आईबापांचा पुढचा प्रश्न आहे.