बारीक हस्ताक्षरी फॉन्ट

एकाच जाडीच्या पेनाने हाताने लिहिल्यासारखा दिसणारा, मुख्यतः मथळे आणि दोन-चार शब्दांच्या ओळींसाठी वापरला जाणारा अक्षरसंच. बोरूच्या तिरप्या टोकामुळे देवनागरीत जाड-बारीक रेघांचा जो खेळ दिसतो, तो यात जवळजवळ नसतो. हे वळण बोरूचे नव्हे, पाटीवरच्या पेन्सिलीचे आणि बॉलपेनचे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ (२०१४) हा यातला परिचित मोफत फॉन्ट. स्केचपेनने काढलेल्या अक्षरांवरून बेतलेला, कललेला. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाड्यांत मिळतो. या नोंदीचा संबंध अर्थातच लाइटशी.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हे अक्षर पहिल्यांदा भेटते ते लग्नपत्रिकेत. कुलदैवत, मुहूर्त, वधूवरांची नावे ठळक आणि वळणदार. खाली कोपऱ्यात मात्र ‘आमच्या काकाच्या लग्नाले या बरं!’ ही पोरांची ओळ. तिथे डीटीपीवाला हा फॉन्ट लावतो, आणि ते शोभतेही. फक्त त्या ओळीतले सगळे ‘च्या’ तंतोतंत सारखे असतात. खऱ्या पोराच्या हातून असे दोन ‘च्या’ कधी निघत नाहीत. बचत गटाच्या जवसाच्या चटणीच्या किंवा ज्वारीच्या पापडाच्या लेबलवरही हे अक्षर चालते, कारण पाकीट हातात घेऊन वाचले जाते आणि माल घरचा आहे हे न सांगता कळते.

लांबून वाचायच्या मजकुराला ते निरुपयोगी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांची झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, पोस्टरे जाडजूड, रंगीत अक्षरांत असतात ती उगाच नव्हे; वाचणारा मोटारसायकलवर असतो. गडद रंगावर पांढरे बारीक अक्षर छापले तर शाई पसरून रेघ आणखी आक्रसते, आणि पहिला बळी अनुस्वाराचा जातो: हिंगणघाटचे ‘हिगणघाट’ होते.

देवनागरीत या फॉन्टची खरी कसोटी शिरोरेषेवर लागते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक मुख्यतः त्या रेषेतल्या फटीने कळतो. हस्ताक्षरी डौलासाठी रेषा लहरती किंवा तुटक ठेवली, की धामणगावचे ‘घामणगाव’ आणि भद्रावतीचे ‘मद्रावती’ वाचले जाते. ‘ख’चे दोन भाग सुटले तर खामगावचे ‘रवामगाव’. गावाचे नाव असलेल्या ओळीला म्हणूनच हा फॉन्ट लावू नये.

बारीक रेघ छपाईत टिकावी म्हणून काही जण अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देतात. रेघ भरते खरी, पण त्याबरोबर ‘ध’च्या डोक्यावरची फटही बुजते.